परळीण

माझी आई मारायची. तिचा भाऊ मारायचा, तिची आई मारायची, आणि वाडीत ज्याला म्हणून हात होते तो प्रत्येक जण कुणाला ना कुणाला मारायचा. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. आमच्याकडे मारणं हा बोलण्याचाच भाग होता. दूध उतू गेलं की पाठीत धपका, उलट बोललं की कानाखाली, शाळेतून उशीर झाला की जे हातात असेल ते. आई कळव्याच्या बाजारात मासळी विकायची, दिवसभर बर्फात हात घालायची. तो हात गालावर बसला की आधी गार लागायचा आणि मग जाळ उठायचा. शेजारणीला मारलं तरी तसंच, फक्त तिथे शिव्या जास्त असायच्या. माझा मामा बाळाराम, वाडीतला सगळ्यात दांडगा माणूस. त्याने एकदा जाळं कापणाऱ्याला वल्ह्याने असा फोडला होता की तो माणूस महिनाभर सरळ झोपू शकला नाही. त्या माणसाच्या बायकोने मग मामीला नळावर गाठून तिचे केस उपटले. संध्याकाळी दोघी एकाच पाटीपाशी बसून कोळंबी सोलत होत्या. मला तेव्हा यात काही विशेष वाटायचं नाही. आता वाटतं, आणि रागही येतो, पण तो कुणावर काढू? सगळे गेले.

आम्ही राहायचो ते आईच्या माहेरच्या कोळीवाड्यापासून दहा मिनिटांवर, चाळीतल्या दोन खोल्यांत. भिंत इतकी पातळ की शेजारच्यांच्या घरात कुणाला मार पडतोय ते आवाजावरनं ओळखू यायचं. पहाटे आईच्या कोयत्याचा लाकडावरचा ठक ठक आवाज, मग स्टोव्हची भणभण, मग आईच्या तोंडाचा पट्टा. दुपारी सुकटीचा वास, रात्रीच्या जेवणाला निखाऱ्यावरचा बोंबील आणि तांदळाची भाकरी. आणि या सगळ्यात एक माणूस पांढरे कपडे घालून, भांग पाडून, हळू आवाजात बोलत वावरायचा. ते माझे बाबा. ते रत्नागिरीकडचे, मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात केक-मिठायांच्या किचनमध्ये कामाला. आईने त्यांच्याशी लग्न का केलं हे तिने कधी सांगितलं नाही. विचारलं की मारायची.

बाबा मारायचे नाहीत. अजिबात नाही. मला नाही, आईला नाही, भांडायला आलेल्याला नाही. आई त्यांच्यावर ओरडायची, तांब्या फेकायची, तर ते तांब्या उचलून जागेवर ठेवायचे. वाडीत याची चर्चा व्हायची. आईला तर हे जिव्हारी लागायचं. "घरात मन असलेला मानूस चिडतो," ती म्हणायची. "ह्यो चिडतंच नाय. ह्याचं मन कुटं हाय, देव जाने." बायका माना डोलवायच्या. बायकोवर हात न उचलणाऱ्या नवऱ्याची कीव करणाऱ्या त्या बायका मला आज भेटल्या तर मी एकेकीला धरून हलवीन. पण तेव्हा मीही त्यांच्यातच बसून मान डोलवायचे.

बाबांचं मन होतं साखरेत. हॉटेलात एक फ्रेंच शेफ आलेला, आणि तो किचनमधल्या एकाला साखरेच्या कामाचा मुख्य कारागीर करणार होता. त्यासाठी त्याच्यासमोर एक पदार्थ करून दाखवायचा. पदार्थाचं नाव प्रालिन. करायला दिसतो सोपा. कोरडी साखर पातेल्यात वितळवायची, पाणी नाही, काही नाही. ती विटकरी झाली, धुराची पहिली रेघ दिसली, की भाजलेले गरम बदाम-काजू त्यात टाकायचे, तेल लावलेल्या ताटात ओतायचं, गार झाल्यावर फोडायचं आणि वाटायचं. खरी परीक्षा इथे. वाटताना आधी त्याचं पीठ होतं, मग गोळा, आणि माणूस इथेच थांबतो, कारण हात मोडायला येतात. थांबायचं नाही. वाटतच राहायचं, मग दाण्यांतलं तेल सुटतं आणि तो गोळा एकदम ढिला पडून मधासारखा वाहायला लागतो. बाबा दर रविवारी हे घरी करून बघायचे. हॉटेलातले परदेशी बदाम आम्हाला कुठले मिळणार? गावच्या काजूंवर सराव चालायचा. आणि यंत्र नव्हतं, म्हणून आईच्या पाट्यावर.

त्या पाट्यावरून किती महाभारतं झाली! आईचा तो मासळीच्या मसाल्याचा पाटा. बाबा तो मिठाने, लिंबाने, राखेने घासायचे, तरी पहिल्या दोन प्रालिनींना कोळंबीच्या कालवणाचा वास होता. मग उलटं झालं. आईचं कालवण गोड लागायला लागलं. तिने वरवंटा उचलून बाबांच्या पायाशी आपटला, फरशीचा टवका उडाला. बाबा म्हणाले, "अगं, पाय होता माझा." बास, एवढंच.

आता वर्तकनगरला माझ्या ओट्यावर दगडाचा विजेवर चालणारा ग्राइंडर आहे. बटण दाबलं की तो दिवसभर फिरतो आणि मी खुर्चीत बसते. प्रालिनच्या बरण्या भरून पोरीबाळी घेऊन जातात, पावाला लावून खातात. मागच्या आठवड्यात एक आली आणि बरणी नाकाला लावून म्हणाली, "आंटी, प्रॉपर फ्रेंच आहे ना? नाहीतर लोकं शेंगदाण्याची चटणी विकतात." माझ्या हातात झारा होता. मी तो खाली ठेवला आणि हसले. वय झालं, दुसरं काय.

तेव्हा वाटायचं काम माझ्याकडे होतं. मी चौदा वर्षांची, हात आईसारखे मजबूत. बाबा मला शेजारी बसवून सगळं सांगायचे, रंग दाखवायचे, चमच्याचं टोक जिभेवर ठेवायचे. "ओळख, आज काय चुकलं?" आणि मी बरोबर ओळखायचे. ते खूश व्हायचे. मला त्यांच्याइतकं कुणीच आवडत नव्हतं, हे इथे लिहून ठेवते.

एका रविवारी मी तीन तास वाटत होते. गोळा काही केल्या सुटेना. तळहातांना फोड आले, एक फुटला, मी फडकं गुंडाळून वाटत राहिले. शेवटी तेल सुटलं. मी हाक मारली, बाबा आले, बोट लावलं, तोंडात घातलं आणि त्यांचा चेहरा पडला. "कडू झालीय," ते म्हणाले. "साखर जळलेली माझ्या हातून." त्यांनी पाटा उचलला, दारात गेले आणि सगळं गटारात ढकललं. माझ्या हातांकडे बघितलंसुद्धा नाही. आत येऊन साखरेचा डबा उघडला आणि नवीन घाण्याला लागले. आईने मला हजार वेळा मारलं असेल, पण मला इतका राग कधी आला नव्हता. मला वाटलं, या माणसाला एकदा कुणीतरी धरून बदडलं पाहिजे. एकदाच. म्हणजे कळेल दुखतं म्हणजे काय.

त्याच आठवड्यात हॉटेलातले पेडणेकर काका घरी आले. ते परळला राहायचे, त्यांच्याकडे छोटं वाटायचं यंत्र होतं, आणि बाबा कामावरून सुटल्यावर तिकडे जायला लागले होते. दोघं दारात उभे राहून बोलत होते. आई आत मासे साफ करत होती.

"काय, प्रालिन आली का हाताशी?" काकांनी विचारलं.

"येतेय हळूहळू," बाबा म्हणाले. "फार लहरी आहे हो. जरा दुर्लक्ष केलं की कडू होते."

"तिला घाई चालत नाही. परवा येताय ना परळला?"

"येतो तर. आता तिच्याशिवाय डोक्यात काही नाही माझ्या."

आतला कोयता थांबला.

आता इथे आमच्या आजोळची रीत सांगायला हवी. वाडीत बाईला तिच्या गावावरनं हाक मारत. उरणहून आलेली ती उरणीण, बेलापूरची ती बेलापुरीण. माझ्या मामीचं नाव मला ती गेल्यावर कळलं, इतकी ती सगळ्यांची उरणीणच होती. आणि आईकडच्या बोलीत ळ चा ल होतो, ण चा न होतो. तेव्हा परळची जी कोण असेल, ती परलीन. बाबा म्हणत होते प्रालिन. आईने ऐकलं परलीन.

ती रडली नाही, ओरडली नाही. मला त्याचीच भीती वाटली. संध्याकाळी तिने मला मोरीत नेलं आणि दार लावलं.

"खरं बोल. तुजा बापूस जिच्याकडं जातंय ती परलीन तुला ठावं हाय?"

मला एका क्षणात सगळं कळलं. आईला काय वाटलंय ते कळलं, आणि एका वाक्यात ते मिटवता येईल हेही कळलं. माझे तळहात अजून चिघळत होते.

"हो," मी म्हणाले.

"तू पायलंस तिला?"

"बाबांनीच दाखवली."

"कशी हाय दिसाला?"

"बदामी," मी म्हणाले. "गोड आहे."

एक शब्द खोटा नव्हता त्यात. म्हणूनच तर मी इतकी वर्षं स्वतःला माफ करू शकले नाही. खोटं बोलले असते तर पोर होती, खोटं बोलली, असं म्हणून सोडून दिलं असतं.

आईने मला मारलं नाही. दार उघडलं, पदर खोचला आणि वाडीकडे गेली.

शेफसमोरची परीक्षा गुरुवारी होती. त्याआधीचा तो रविवार, सकाळचे दहा वाजले असतील. बाबांनी घरातली शेवटची साखर पातेल्यात घातलेली. स्टोव्ह बुटक्या ओट्यावर, मी त्याखाली फरशीवर बसून ताटाला तेल लावत होते. साखर वितळली, पिवळी झाली, मधाच्या रंगाची झाली. बाबांनी फडक्याने पातेलं उचलून ते गोल फिरवायला घेतलं. तेवढ्यात दारात अंधार झाला. बाळाराममामा उभा होता आणि मागे त्याचे दोन चुलतभाऊ. त्यांच्याही मागे आई.

"कुटं हाय रं ती परलीन?" मामाने विचारलं.

बाबांच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. सासरचं कुणी आजवर त्यांच्या कामाबद्दल एका शब्दाने विचारायला आलं नव्हतं.

"या, या, बाळाराम! हिने सांगितलं वाटतं? बरोबर वेळेला आलात. बघा, कसला रंग आलाय. बसा, सगळ्यांना देतो. थोडी थोडी आली तरी पुरेल सगळ्यांना."

मामाने पहिला ठोसा तोंडावर मारला. मला दात तुटल्याचा आवाज आला. बाबा मागे भिंतीवर आदळले, पण पातेलं सोडलं नाही. एक चुलतभाऊ त्यांच्या मानगुटीला लटकला, दुसऱ्याने पोटात लाथ घातली. भांड्यांची फळी खाली आली, पितळेचे डबे माझ्या पाठीवर पडले. मामा मारता मारता विचारत होता, "आमच्या भैनीला फसवतंस? पोरीला दाखवतंस तिला? लाज नाय?" आणि प्रत्येक प्रश्नाला एक ठोसा. मी किंचाळत होते, "मामा, परलीन बाई नाही! परलीन ती पातेल्यात आहे!" पण मार चालू असताना वाडीतला माणूस ऐकत नाही. बाबांनी हात उचलला असता, ते पातेलं नुसतं समोर भिरकावलं असतं, तरी तिघं आंधळे होऊन पळाले असते. ते त्यांनी केलं नाही. ते पातेलं दोन्ही हातांनी वर धरून उभे होते, आणि मला वाटत होतं साखर वाचवतायत. मग मामाने त्यांच्या मनगटावर फटका मारला, पातेलं कललं, आणि मी वर बघितलं. साखर बरोबर माझ्या डोक्यावर होती.

बाबांनी पातेल्याच्या काठाला उजवा हात लावला. नुसता पंजा, आडवा. सगळी साखर त्या पंजावर आली.

उकळतं पाणी ओघळून जातं. साखर जात नाही, ती धरून बसते. बाबांचा आवाज ऐकून मामाचे हात जिथल्या तिथे राहिले. तो आवाज माणसाचा नव्हता. आईने पुढे होऊन तो पंजा पिंपात बुडवला. पाणी चरचरलं, साखर टणक झाली, आणि घाबरून आईने ती ओढली. साखरेबरोबर कातडी आली. माझ्या केसांत एक थेंब पडला होता, तिथे आजही केस उगवत नाहीत. बस, माझ्या वाट्याला तेवढंच.

मामानेच त्यांना पाठीवर टाकून हॉस्पिटलात पळवलं. तिथे, सुजलेल्या तोंडाने, बाबांनी त्याला समजावून सांगितलं की प्रालिन म्हणजे काय. आधी साखर, मग काजू, मग वाटण. पूर्ण कृती सांगितली बिचाऱ्यांनी. मामा ऐकत राहिला, मग व्हरांड्यात जाऊन त्याने कपाळ भिंतीवर आपटायला सुरुवात केली. नर्सने येऊन त्याला हाकललं, तेव्हा थांबला.

गुरुवारी बाबा हाताला बँडेज बांधून हॉटेलात गेले. शेफच्या समोर उभे राहिले आणि संध्याकाळी परत आले. पेडणेकर काकांची निवड झाली. बाबांना पावाचे ट्रे उचलायच्या कामाला घातलं, कारण जखम भरली तेव्हा दोन बोटं एकमेकांना जुळून ताठ झाली होती. साखरेचा रंग बघायला डोळे लागतात, पण ती फिरवायला मनगट आणि बोटं लागतात. त्यानंतर घरात स्टोव्हवर नुसती साखर कधी चढली नाही. बाबा पूर्वीसारखेच हळू बोलायचे, पण आता बोलायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

सगळा दोष आईवर आला. मामा तिला म्हणाला, "तुज्या कानात काय मेन भरलंय का? नवऱ्याचा हात खाल्लास!" बायका बाजारात तिला ऐकू जाईल असं हसायच्या. आणि आई, जी एका शब्दासाठी चार शब्द फेकायची, ती गप्प. तिने एकदाही म्हटलं नाही की मी पोरीला विचारलं होतं. मला वाटतं, तिला खरंच वाटत होतं की तिनेच चुकीचं विचारलं. मला रोज वाटायचं, आज सांगावं. रोज जेवण व्हायचं, रोज राहून जायचं.

मग एका दुपारी बाबा जेवायला बसले होते. आई भातात कालवण कालवून ताट पुढे ठेवायची आणि ते डाव्या हाताने जेवायचे. डाव्या हाताने जेवायची त्यांना लाज वाटायची, म्हणून ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. त्यांची ती पाठ बघितली आणि माझ्याने राहवेना.

"बाबा," मी म्हणाले. "आईने मला आधी विचारलं होतं. परलीन कोण म्हणून. मला कळलं होतं तिला काय वाटतंय. मी मुद्दाम सांगितलं, बदामी आहे, गोड आहे, बाबांनी दाखवली."

आईच्या हातातली पळी तशीच राहिली. बाबा वळले.

"का गं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला मार बसावा म्हणून."

ते उठले. खरकट्या डाव्या हाताने त्यांनी माझ्या तोंडात मारली. मारायची सवय नसलेल्या माणसाचा फटका कसा बसतो ते मला माहीत नव्हतं. तो नेम धरत नाही, जोर मापत नाही. माझं डोकं चौकटीवर आपटलं, ओठ फाटला, भाताची शितं डोळ्यात गेली. दुसरा बसला, तिसरा बसला, आणि ते रडत होते, मोठ्याने. चौथ्यासाठी हात वर गेला तेव्हा आईने झडप घालून तो मनगटात पकडला. दोन्ही हातांनी, छातीशी घट्ट.

"नका ओ," ती म्हणाली. "तुमी नका. मारायला आमी हाव ना."

तिने त्यांना खाली बसवलं, पदराने त्यांचा हात पुसला, एकेक बोट करून. ताट त्यांच्या पुढ्यात सरकवलं. मग माझ्याकडे वळून तिने उरलेला मार स्वतः पुरा केला.